फुलसावंगीचा प्लॉट आणि पुण्याचे गिऱ्हाईक

साडेतीन मुहूर्तांत दिवाळीच्या पाडव्याची गणना होते, आणि मध्यमवर्गीय कुटुंबात घर, जागा, दागिना यांचा विषय निघायचा तो याच सुमारास. फराळाची ताटे पुढे असतात, चिरंजीव पुण्याहून आलेले असतात, सूनबाईंच्या हातात मोबाइल असतो, आणि बोलता बोलता कोणीतरी म्हणते, "गावाकडे एखादा प्लॉट घेऊन टाकायला काय हरकत आहे?" एवढे वाक्य उच्चारले गेले की त्या खोलीत एक अदृश्य गृहस्थ येऊन बसतो. तो म्हणजे दलाल.

मराठी भाषेने या गृहस्थाला फारसे मायेने वागविलेले नाही. 'दलाली' म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. वास्तविक हा शब्द अरबी मुळाचा, आणि त्या मुळाचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. वाट दाखविणाऱ्याबद्दल एवढी अढी का बसावी? कारण उघड आहे. वाट दाखविणाऱ्याला वाट ठाऊक असते आणि आपल्याला नसते. या एका फरकावर त्याचे पोट चालते, आणि याच फरकामुळे आपले पोट दुखते.

आता ही वाट मोबाइलच्या काचेवरून दाखविली जाऊ लागली आहे. शहरातल्या घरांसाठी मोठमोठी संकेतस्थळे निघून वीस वर्षे झाली. 'नाइन्टीनाइन एकर्स' 2005 साली निघाले, 'मॅजिकब्रिक्स' 2006 साली. पुण्यामुंबईच्या माणसाला तेथे सदनिकांची रास दिसते. पण ज्याला आपल्या गावाच्या आसपास चार भिंती उभ्या करायच्या आहेत, त्याने काय करावे? त्याला गावातलाच मध्यस्थ गाठावा लागतो, आणि तो मध्यस्थ आता आपली स्वतःची वेबसाइट काढू पाहतो. अशा मध्यस्थाने आपले पान कसे लिहावे, हा आजचा विषय. लेख त्याच्यासाठी आहे. पण खरे सांगायचे तर तो गिऱ्हाइकानेच अधिक लक्षपूर्वक वाचावा.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे मोठे गाव आहे. मुलूख कापूस-सोयाबीनचा. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड, आणि पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. त्या भागातला माझा एक जुना विद्यार्थी. मराठी घेऊन बी. ए. झाला, नोकरीची वाट दोन-तीन वर्षे पाहिली, आणि शेवटी जागांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करू लागला. मागच्या उन्हाळ्यात तो वेबसाइटसाठी लिहिलेला मजकूर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मराठी तेवढी तपासून द्या."

मजकुराचा मासला असा होता: 'निसर्गाच्या कुशीत, स्वप्नातील घरकुल! हायवेपासून अगदी हाकेच्या अंतरावर! भविष्यात सोन्याचा भाव! मोजकेच प्लॉट शिल्लक! आजच संपर्क साधा!' शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. विद्यार्थी माझाच होता, त्यामुळे मला क्षणभर बरेही वाटले. मग मी तो मजकूर पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की त्यात चूक नव्हती तशी माहितीही नव्हती. हीच पाच वाक्ये नाशिकला चालली असती, सोलापूरला चालली असती, आणि चंद्रावर प्लॉट पडले तर तेथेही चालली असती.

चेहऱ्याची जामीनकी

जुन्या काळी फुलसावंगीसारख्या गावातल्या दलालाला जाहिरात करण्याचे कारण नव्हते. त्याचा चेहरा हीच जाहिरात होती. तो कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोठे बसतो, कोणाचे पैसे त्याने बुडविले आणि कोणाचे वेळेवर दिले, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. त्याने लबाडी केली तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला त्याच माणसाशेजारी बसावे लागे. ही जामीनकी कागदावर नव्हती, पण पक्की होती.

पुण्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला हा चेहरा दिसत नाही. त्याला दिसते एक पान. तेव्हा चेहरा जे काम करीत होता, ते सगळे काम आता त्या पानाने केले पाहिजे. वेबसाइटचे तंत्र, तिचे रंग, तिची हलती चित्रे या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पहिली गोष्ट ही, की परक्या माणसाने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर त्या पानावर असावे.

मग असे पान लिहायचे कसे? नमुना कोठून आणावा? मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, "नमुना तुझ्या घरच्या पेटीतच आहे. आजोबांचे एखादे खरेदीखत काढ आणि वाच."

खरेदीखत हे मराठी गद्यातले एक उपेक्षित दालन आहे. त्यात विशेषणे जवळजवळ नसतात. लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, गट नंबर किती, क्षेत्र किती, आकार किती, पूर्वेस कोण, दक्षिणेस काय, पश्चिमेस कोणाचे शेत, उत्तरेस कोणता रस्ता, मोबदला किती आणि तो कसा पोचला, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या. एवढे झाले की दस्त संपतो. वाचणारा शंभर वर्षांनी जरी आला, तरी जागा कोठे आहे हे त्याला कळते. वेबसाइटवरच्या जागेच्या पानाने याहून वेगळे काय करायचे असते?

चतुःसीमा

तेव्हा पहिला धडा चतुःसीमेचा. 'हाकेच्या अंतरावर' हे मोजमाप नव्हे. हाक कोणाची, यावर ते अवलंबून असते. त्याऐवजी बसथांब्यापासून किती किलोमीटर, त्यांपैकी डांबरी किती आणि पांदण किती, पावसाळ्यात चारचाकी जाते की नाही, पाण्याची सोय नळाची की बोअरची, विजेचा खांब कोठे आहे, हे लिहावे. गूगलच्या नकाशावर जागेचा नेमका बिंदू द्यावा. छायाचित्रे खरी द्यावीत आणि प्रत्येकाखाली महिना व वर्ष लिहावे. जानेवारीतली हिरवी हरभऱ्याची शेते दाखवून जुलैतला चिखल झाकता येतो, पण तो फक्त जुलैपर्यंत. त्यापेक्षा एक छायाचित्र पावसाळ्यातलेच टाकावे. 'पावसात रस्ता असा दिसतो' असे ज्याने आपण होऊन दाखविले, त्याच्या उरलेल्या नऊ छायाचित्रांवर गिऱ्हाईक डोळे मिटून विश्वास ठेवते.

याच सदरात 'भविष्यात' या शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. जागेच्या जाहिरातीत हा शब्द फार राबतो. यवतमाळ जिल्ह्यात तर त्याला रेल्वेचे चाक लागले आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा लोहमार्ग कित्येक वर्षे चर्चेत आणि बांधकामात आहे. त्यातल्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. हे झाले खरे आणि तारखेचे विधान. पण म्हणून दूरवरच्या प्रत्येक प्लॉटवर 'नियोजित स्टेशनाजवळ' अशी पाटी लावणे म्हणजे बारसे होण्यापूर्वीच लग्नाच्या पत्रिका वाटणे होय. समृद्धी महामार्गाचेही तसेच. तो यवतमाळ जिल्ह्यातून जातच नाही, तरी त्याचे नाव मोठ्या अक्षरांत वापरण्याचा मोह होतो. नियम सोपा आहे: जे आज चालू आहे ते तारखेसह लिहावे, जे होणार आहे ते कोणत्या सरकारी कागदावर आहे हे सांगून लिहावे, जे ऐकीव आहे ते लिहूच नये.

मोबदला

दुसरा धडा किमतीचा. बहुतेक पानांवर लिहिलेले असते, 'किमतीसाठी फोन करा.' दलालाला वाटते, गिऱ्हाईक फोन करील म्हणजे आपल्या तावडीत येईल. प्रत्यक्षात नोकरदार माणूस फोन करीतच नाही. त्याला वाटते, किंमत लपविली आहे त्या अर्थी माझा आवाज ऐकून ती ठरणार आहे. तेव्हा भाव लिहावा. चौरस फुटाचा लिहावा आणि एकूणही लिहावा. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी पडेल हे लिहावे. आणि जे कोणीच लिहीत नाही ते लिहावे: स्वतःची दलाली किती टक्के, ती कोणाकडून आणि केव्हा घेणार. हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळतो खरा; पण ज्याने ते लिहिले, त्याच्याशी घासाघीस करायला लोक लाजतात असा व्यवहारातला अनुभव आहे.

विकले गेलेले प्लॉट पानावरून ताबडतोब खाली उतरवावेत, किंवा त्यांवर 'विकला' असे स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक यावे म्हणून विकलेलाच स्वस्त प्लॉट महिनोन् महिने पानावर ठेवणे आणि आलेल्या माणसाला 'तो कालच गेला, हा दुसरा पाहा' म्हणणे, ही जुनी युक्ती आहे. ती एकदा साधते. मग त्या माणसाच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटावर दलालाची जी कीर्ती होते, ती पुसायला कोणतीही वेबसाइट पुरत नाही.

साक्षीदार

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. खरेदीखताला साक्षीदार लागतात, तसे पानालाही लागतात. हे साक्षीदार आता सरकारने उभे करून ठेवले आहेत. दलालाने त्यांना फक्त हाक मारायची.

संसदेने 2016 साली स्थावर संपदेचा कायदा केला. त्याची मुख्य कलमे 1 मे 2017 पासून अमलात आली आणि महाराष्ट्रात 'महारेरा' हे प्राधिकरण काम करू लागले. नियोजन क्षेत्रातला प्रकल्प कायद्याने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर त्या प्रकल्पाची नोंदणी झाल्यावाचून त्याची जाहिरातही करता येत नाही. प्लॉट पाडून विकण्याचे लेआउटही यात येतात. अशा प्रकल्पातले प्लॉट विकून देणाऱ्या मध्यस्थाला स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. नोंदणीवाचून धंदा केला तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 2023 पासून महाराष्ट्रात मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सुरू झाली आहे. म्हणजे 'काही जमले नाही तर दलाली' हे दिवस मागे पडले. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर संकेत छापणे बंधनकारक आहे. मोबाइल त्या चौकोनापुढे धरला की प्रकल्पाची सरकारी नोंद उघडते.

दलालांना हा सगळा जाच वाटतो. मला वाटते, फुलसावंगीच्या नवख्या मध्यस्थाला याहून स्वस्त जाहिरात मिळणार नाही. स्वतःचा नोंदणी क्रमांक पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात टाकण्यापेक्षा नावाच्या शेजारीच ठसठशीत लिहावा, आणि शेजारी म्हणावे, 'हा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासून पाहा.' जो स्वतःच तपासायला सांगतो, त्याला निम्मे लोक तपासत नाहीत; आणि उरलेले निम्मे तपासतात ते त्याचे कायमचे होतात.

दुसरा साक्षीदार सातबारा. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत तो घरबसल्या निघतो. मध्यस्थाने गट नंबर पानावर द्यावा, म्हणजे गिऱ्हाईक तो स्वतः काढून पाहील. त्यातले 'इतर हक्क' हे सदर अवश्य वाचावे. बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क, कुळाची नोंद यांची भुते तेथेच बसलेली असतात. जागा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखविला जातो. तो कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, एवढे एक वाक्य पानावर लिहिले तरी कित्येकांची फसगत टळेल. मात्र मालकाचे आधार कार्ड, बँकेचे कागद किंवा घरचे फोन क्रमांक पानावर टाकू नयेत. विश्वास दाखविण्यासाठी दुसऱ्याचे खाजगी कागद उघडे करणे हा विश्वासघातच होय. आणि आलेल्या गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक पाच ठिकाणी वाटणे हाही.

गाव कसे सापडेल

पान उत्तम लिहिले, पण कोणाला सापडलेच नाही तर काय उपयोग? येथे थोडे तंत्र लागते, पण ते एका संध्याकाळी शिकता येण्याजोगे आहे.

पहिली अडचण नावाचीच. कोणी 'फुलसावंगी' लिहितो, कोणी दीर्घ 'फू' काढतो. इंग्रजीत कोणी 'पीएच'ने सुरुवात करतो, कोणी 'एफ'ने. शोधणारा माणूस शुद्धलेखनाची परीक्षा देऊन आलेला नसतो. म्हणून ही सगळी रूपे पानावर कोठे ना कोठे सहजपणे यावीत. मी मराठीचा अध्यापक असून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानावर घालायला सांगतो आहे. पण बाजारात जाताना व्याकरणाने थोडे वाकावे लागते.

पानाच्या मथळ्यावर 'सुस्वागतम्' लिहू नये. 'फुलसावंगी, महागाव, उमरखेड येथे प्लॉट व घरे' असे लिहावे. शोधयंत्र मथळा आधी वाचते, आणि घाईतला माणूसही तेच करतो. छापखान्यातून करून आणलेले पत्रक चित्र म्हणून पानावर चिकटविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातली अक्षरे शोधयंत्राला नीट वाचता येत नाहीत, आणि छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर जशाचा तसा उतरविला तर पडद्यावर नुसता किडा-मुंग्यांचा बाजार दिसतो. म्हणून मजकूर युनिकोड देवनागरीत टंकलेला असावा. पान हलके असावे. खेड्यात येऊन जागेवर उभे राहून पाहणाऱ्याला नेटवर्कच्या दोनच कांड्या मिळतात. त्याच्यापुढे मोठे हलते चित्र गोल गोल फिरत बसले तर तो कंटाळून निघून जातो. फोन क्रमांक पहिल्याच पडद्यावर असावा आणि बोट लावताच लागावा.

गूगलवर आपल्या कचेरीची नोंद विनामूल्य करता येते. ती करावी, पण कचेरीची करावी, प्रत्येक विकाऊ प्लॉटची नव्हे, कारण विकाऊ जागांची अशी नोंद गूगलच्या नियमात बसत नाही. ज्यांचे व्यवहार पुरे झाले त्यांना दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सांगावे. भावाला, मेहुण्याला आणि मित्राला पाच-पाच तारे द्यायला लावू नये. एकाच आडनावाचे सात अभिप्राय एकाच दिवशी आले की वाचणारा समजायचे ते समजतो.

केवळ फेसबुकच्या पानावर विसंबू नये. ते भाड्याचे दुकान आहे, मालकाने नियम बदलले की माल रस्त्यावर. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा. 2014 पासून '.भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो. हौसेने घ्यावा, पण जोडीला इंग्रजी अक्षरांतला असावाच. पैसे देऊन करायची जाहिरात सगळ्यांत शेवटी. आधी पान नीट करावे, मग माणसे बोलवावीत. घरात बसायला सतरंजी नसताना गावजेवणाचे आमंत्रण देण्यात अर्थ नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. फुलसावंगी हे नाव आज मोबाइलवर शोधले की एक दुःखद हकीकत समोर येते. ऑगस्ट 2021 मध्ये या गावातला एक तरुण कारागीर स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवीत असता चाचणीच्या वेळी पाते लागून मरण पावला. त्याची चित्रे देशभर फिरली. पुण्यातल्या पुष्कळांनी या गावाचे नाव प्रथम ऐकले ते तेव्हाच. ती ओळख पुसायची नसते, आणि तिच्यावर प्लॉटही विकायचे नसतात. मात्र त्याच गावात शाळा किती, दवाखाना कोठे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, बस किती वाजता, हे कोणी व्यवस्थित लिहून ठेवले तर शोधणाऱ्याला गाव पुरेपूर भेटेल. मध्यस्थाच्या पानावर अशी गावाची माहिती असणे ही गावाची सेवा आहे आणि धंद्याचीही.

आणि मुख्य प्रश्न

एवढे सांगून झाल्यावर तो विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, एक लेआउट हाय हातात. मालक दलाली बी भरपूर देतो म्हणते. पण एनए झालं नाही. रेराचा नंबर बी नाही. वेबसाइट त्याच्याचसाठी काढून राहिलो."

मी म्हटले, "मग पानावर तसे लिही. 'जमीन शेतीची आहे, अकृषिक झालेली नाही, नोंदणी नाही.'"

"काहून सर, असं लिहलं तं घेईन कोण?"

"मग उत्तर तुझे तूच दिलेस," मी म्हणालो.

हा विनोद नव्हता. त्याच्या घरी त्या दलालीची गरज होती. पण दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे, तेही पाहिले पाहिजे. शेतजमिनीचे तुकडे पाडून गुंठ्यांनी विकण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्यापासून बंधने आहेत. त्यांत वेळोवेळी सवलती मिळाल्या, पण 'पुढे होईल नियमित' या आशेवर घेतलेली जागा ती जागा नसते, ती आशाच असते. ती घेणारा बहुधा निवृत्तीला आलेला शिक्षक असतो, एसटीतला वाहक असतो, मुलीच्या लग्नातून वाचविलेले पैसे घेऊन आलेली विधवा असते. खरेदीखत होत नाही, मग साध्या मुद्रांकावर लिहून घेतात. सातबाऱ्यावर नाव चढत नाही. घर बांधायला परवानगी नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. दहा वर्षांनी मालकाचा पुतण्या येतो आणि विचारतो, 'तुम्ही कोण?' आयुष्यातली एकुलती एक मोठी खरेदी, आणि तिच्या शेवटी हा प्रश्न.

पूर्वी असा व्यवहार गावातल्या गावात दोघा-चौघांचा घात करी. वेबसाइटमुळे त्याचा पल्ला वाढला. आता फुलसावंगीतला एक लबाड मजकूर पुण्यात, नागपुरात, सुरतेत एकाच रात्री शंभर घरांत वाचला जातो. हत्यार लांब झाले की ते धरणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच लांबते. कायद्यानेही हे ओळखले आहे. प्रकल्पाच्या जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले, तर ते व्याजासह परत मागण्याचा हक्क त्याला आहे. नोंदणीकृत करार केल्यावाचून विकसकाने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता कामा नये. आणि खोटी माहिती देणाऱ्या मध्यस्थाची नोंदणी रद्द होऊ शकते. पण कायदा धावून येतो तो पैसे गेल्यावर. पैसे जाण्यापूर्वी उभा असतो तो फक्त वाट दाखविणारा.

त्या विद्यार्थ्याने ते लेआउट सोडले. त्या मालकाने ते दुसऱ्याकडे दिले, आणि ऐकतो की त्यातले काही प्लॉट गेलेही. याच्या पानावर सध्या चारच नोंदी आहेत: दोन जुनी घरे, एक दुकानाचा गाळा आणि एक शेत. प्रत्येकाच्या चतुःसीमा लिहिलेल्या आहेत. चार महिन्यांत एक घर विकले गेले; दलाली थोडी आली. धंदा चांगला चालला आहे असे मी म्हणणार नाही. रात्री त्याची झोप कशी लागते, हे मी विचारलेले नाही.

वाचकहो, पाडव्याला तुमच्या घरी हा विषय निघालाच, तर सूनबाईंच्या हातातल्या त्या पानाला पाचच प्रश्न विचारा. मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक आहे काय? प्रकल्प असेल तर त्याचा क्रमांक आणि क्यूआर संकेत आहे काय? गट नंबर दिला आहे काय? पूर्ण भाव आणि दलाली लिहिली आहे काय? चारी बाजूंना काय आहे, ते सांगितले आहे काय? पाचांची उत्तरे मिळाली तर गाडी काढा आणि जागा पाहून या, शक्यतो पावसाळ्यात. एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल आणि 'मोजकेच शिल्लक' असे मात्र लिहिलेले असेल, तर ते मोजके दुसऱ्या कोणाला तरी मिळू द्या. मुहूर्त साडेतीन आहेत. पाडवा गेला तर पुढचा येतो.